जोड नसलेलं तिकीट

गोदावरी देवपुजारी पोस्टाची खोटी तिकिटं तयार करते, आणि तेही अमरावतीत, भर रुक्मिणीनगरात, दार उघडं टाकून. तिला कोणी पकडत नाही, कारण तिची तिकिटं पाकिटावर लागतच नाहीत. ती लागतात आतल्या शुभेच्छापत्रावर, उजव्या कोपऱ्यात. बाहेर सरकारचं खरं तिकीट, आत गोदावरीचं. सरकारी तिकिटानं पत्र घरापर्यंत जातं, तिथून पुढचं काम माझं, असं ती म्हणायची आणि म्हणताना जरा ताठ बसायची. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून सुखरूप बाहेर पडलेल्या बाईला एवढी फुशारकी माफ असावी.

निवृत्तीनंतर तिच्या बरोबरीच्या शिक्षिका कोणी भजनी मंडळात गेल्या, कोणी मुलाकडे पुण्याला जाऊन नातवंडांच्या आया झाल्या. गोदावरीनं लग्न केलेलं नव्हतं, आणि भजनाला लागणारा आवाज देवानं तिला दिला नव्हता. ती कागदांच्या नादी लागली. गुलाम नबी नावाचे जुने बाइंडर होते, त्यांच्याकडून ती अबरी कागदाच्या उरलेल्या पट्ट्या आणायची. पाण्यावर रंग सोडून उठवलेल्या लहरींचा हा कागद पूर्वी खातेवह्यांच्या पुठ्ठ्यांना लावत. छापखान्यातून मागच्या हंगामातल्या लग्नपत्रिकांचे जरीकागद यायचे, संक्रांतीनंतर पतंगांचे उरलेले ताव. हे सगळं एकावर एक चढवून झालं की शेवटी तिकीट. अंगठ्याच्या दीडपट आकाराचा कागद, त्यावर बारीक कुंचल्यानं चित्र. कडेची भोकं पाडायला आईचं शिलाई मशीन. सुईत दोरा न ओवता मशीन चालवलं की कागदाला एका रांगेत भोकं पडतात आणि खऱ्या तिकिटासारखी दातेरी कड निघते. वर काळ्या शाईनं पोस्टाचा अर्धा शिक्का. किंमत मात्र रुपयांत नसायची. कुठे ‘दोन कैऱ्या’ लिहिलेलं, कुठे ‘एक चापट’.

ही किंमत आणि ते चित्र यायचं कुठून, तर गिऱ्हाइकाकडून. गोदावरी त्याला समोर बसवून एकच विचारायची: तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट सांगा. माणसं आधी लाजायची, मग म्हणायची तसं काही विशेष नाही, आणि मग तासभर उठायची नाहीत. नवऱ्यानं पहिल्या संक्रांतीला आणलेली आणि आजवर कुणाला न सांगितलेली सेकंडहँड साडी, मैत्रिणीसोबत बुडवलेला पेपर, असं काय काय त्या खोलीत बाहेर पडायचं. ती ऐकायची, चार दिवसांनी कार्ड हातात द्यायची आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची, “याची जोड नाही.”

आता खरं सांगायचं तर जोड असायची.

सुरुवात अगदी निरागस होती. मशीनची सुई कधी घसरायची, कड फाटायची, म्हणून ती प्रत्येक तिकीट दोनदा काढायची. चांगलं निघेल ते कार्डावर. दुसरं फेकायचं, असं ठरलेलं. पण फेकताना हात अडायचा. ज्या बाईला उभ्या आयुष्यात कोणी असं पत्र पाठवलं नव्हतं, तिच्या टेबलावर दर आठवड्याला कोणाचं तरी प्रेम वाळत पडलेलं असायचं, आणि त्यातला एक तुकडा आपल्याकडे राहावा असं तिला वाटलं. गुलाम नबींकडून तिनं हिरव्या पुठ्ठ्याची एक वही बांधून घेतली आणि उरलेली तिकिटं तीत लावायला लागली. कोणाला सांगितलं नाही. वाईट काही करतो आहोत असंही वाटलं नाही. मात्र गिऱ्हाईक आलं की वही कपाटात जायची, आणि ज्या गोष्टीला लपवावं लागतं तिच्याबद्दल मनाला आतून सगळं माहीत असतं.

तिच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात जुने खुशालराव गावंडे. चाळीस वर्षं वकिलांकडे मुन्शी होते. कोर्टाच्या कागदांत राहून राहून माणूस इतका कागदी झालेला, की बायकोला हाक मारतानाही ‘अर्जदार’ म्हणेल की काय अशी भीती वाटावी. पण त्यांचं दुखणं मोठं होतं. त्यांची धाकटी बहीण पंचफुला, घरच्यांचा विरोध पत्करून, जातीबाहेर लग्न करून तेल्हाऱ्याला गेली, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. बापानं खुशालरावांना पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली: तिच्याशी बोलायचं नाही, तिला एक अक्षर लिहायचं नाही. बाप मरूनही तीस वर्षं झाली. शपथ मात्र ठणठणीत होती.

दहा वर्षांपूर्वी राखीच्या आधी खुशालराव गोदावरीकडे आले आणि खुर्चीच्या काठावर बसून त्यांनी आपली बाजू मांडली. बापानं बोलणं मना केलं, लिहिणं मना केलं. चित्राचं नाव घेतलं नाही. तेव्हा कार्डात अक्षर नको, नुसतं तिकीट पाहिजे, आणि पाकिटावरचा पत्ता बाईंनी आपल्या हातानं लिहावा. मुन्शीच तो, पळवाट त्याला दिसणारच. गोदावरीला हसू आलं आणि मागोमाग डोळे भरून आले.

तेव्हापासून दर श्रावणात ते यायचे आणि बहिणीची एकेक गोष्ट सांगायचे. तिनं फोडलेली पाटी आणि त्यापायी यांनी खाल्लेला मार. अर्ध्या कानाची शेळी. यंदाची गोष्ट चपलेची होती. दोघा भावंडांत एकच जोड, आणि वैशाखात शेताची वाट तव्यासारखी तापलेली. मग एक चप्पल तिच्या उजव्या पायात, एक यांच्या डाव्या, आणि एकमेकांच्या खांद्याला धरून लंगडी घालत दोघं घरापर्यंत. गोदावरीनं दोन वेगवेगळे पाय चपलांच्या एकाच जोडात काढले. किंमत लिहिली, ‘एक पाय’. तिकडून कधी उत्तर यायचं नाही. पण कार्ड परतही यायचं नाही, आणि तेवढ्यावर खुशालराव वर्ष काढायचे.

यंदा राखीनंतर आठ दिवसांनी ते आले ते तेल्हाऱ्याहून आलेलं पार्सल हातात घेऊन. दोरी सोडून त्यांनी टेबलावर अकराच्या अकरा कार्डं मांडली. सगळ्यात वर एक चकचकीत छापील कागद होता. त्यावर बारा स्टिकर, दातेरी कडांचे, अर्ध्या शिक्क्याचे. त्यांतलं एक अर्ध्या कानाची शेळी होतं. एक फुटकी पाटी होतं. वर गुलाबी अक्षरांत लिहिलेलं, ‘आठवणींची तिकिटं’, आणि खाली किंमत, चाळीस रुपये.

“तिच्या नातीनं तेल्हाऱ्याच्या दुकानातून आनलं,” खुशालराव म्हणाले. “भाच्यानं फोन केला होता. तो म्हने, आई दोन दिवस जेवली नाई. म्हने, मले वाटे दादा हे माह्यासाठीच धाडते, अन् हे तं बाजारातलं हाये. साऱ्याइच्या वह्याइवर चिकटवून राहिले पोट्टे.”

गोदावरीनं तो कागद हातात घेतला. बाकीची दहा तिकिटंही तिचीच होती. सेकंडहँड साडी होती, बुडवलेला पेपर होता. हिरवी वही कपाटातून एकदाच, गेल्या दिवाळीत, चार दिवसांसाठी बाहेर गेली होती, आणि ती कोणी नेली हे आठवायला तिला क्षणही लागला नाही. पण तोंडानं तिनं एवढंच सांगितलं की तुमचं तिकीट कोणीतरी चोरलं आहे, मी छडा लावते. खुशालरावांनी मान डोलावली. बाईंवर त्यांचा तिळभर संशय नव्हता, आणि तेच गोदावरीला सोसेना.

वही नेली होती मैथिलीनं. मैथिली ही शाळेतली तिची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. अकराव्या वर्षी तिच्या बोटांत पहिला बारीक कुंचला गोदावरीनंच धरवला होता. लग्न होऊन अकोल्याला गेली, तिथे जठारपेठेत भेटवस्तूंचं दुकान काढलं, तरी अमरावतीला आली की मॅडमकडे आल्याशिवाय जायची नाही. आल्या आल्या स्वतःच चहा टाकायची, आणि डबे कुठे आहेत हे तिला विचारावं लागायचं नाही. वही तिला एकदा टेबलावर दिसली, तेव्हा गोदावरीनं लपवली नाही, कारण पोटच्या पोरीपासून कोणी काय लपवतं? मग अकोल्यात हस्तकलेचं प्रदर्शन आहे, काचेखाली ठेवते, कोणाला हात लावू देत नाही, असं म्हणून ती वही घेऊन गेली आणि पाचव्या दिवशी रेशमी फडक्यात गुंडाळून परत आणून दिली. सोबत चिवडाही होता. गोदावरीनं त्या चिवड्याचं शेजारी कौतुक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती अकोल्याला गेली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं मनातल्या मनात मैथिलीला जे जे सुनावलं, ते चौतीस वर्षांत एकाही मुलीला सुनावलं नव्हतं. मध्येच वाटायचं, कोणी दुसऱ्यानं फोटो काढले असतील, पोर बिचारी काय करणार. माणूस आपल्या माणसाची वकिली किती वेळ करतो याला काही सुमार नाही.

दुकानाच्या दर्शनी भागातच ते कागद टांगलेले होते, पाच प्रकारचे. मैथिली धावत पुढे आली, पाया पडली, दुकानातल्या पोराला थंड पाणी आणायला पिटाळलं. बोलायचं काय आहे हे तिला कळलं होतं आणि तिची तयारीही झालेली होती. तिनं एक कागद उलटा करून दाखवला. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘प्रेरणा: गोदावरी मॅडम’. ती म्हणाली, दिवाळीत तुम्हाला सरप्राइज देणार होते. तुम्ही वर्षाला चाळीस कार्डं करता मॅडम, ती चाळीस घरांत जाऊन पेटीत पडतात. आता बघा, बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंत मुलं तुमची चित्रं वहीवर लावून राहिली.

गोदावरी म्हणाली की ती चित्रं माझी नाहीत, ज्यांच्या गोष्टी त्यांची आहेत. मी त्यांना शब्द दिला होता.

“कोणता शब्द, मॅडम?” मैथिलीनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, उलट जरा कीवच होती त्यात. “जोड नाही म्हणून? मग मी नेली ती वही कशाची होती? नावं, वर्षं, सगळं तुमच्या अक्षरात. मी नावं तरी छापली नाहीत.”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर रडायचं नाही एवढंच गोदावरीनं ठरवलं आणि तेवढंच तिला जमलं. या मुलीनं घात केला होता, त्यात शंका नव्हती. पण ज्या दारानं ती घुसली ते दार गोदावरीनंच उघडं ठेवलं होतं, आणि हे त्या मुलीनंच तोंडावर सांगावं याचा संताप तिला सगळ्यात जास्त आला. तिनं पाणी प्यायलं नाही. कागद काढून टाक, एवढं बजावून ती निघाली. मैथिली दारापर्यंत आली आणि म्हणाली, पुढच्या छपाईत बघते. म्हणजे काढणार नव्हती.

खुशालरावांना तिनं चोर सापडला म्हणून सांगितलं. मुन्शीजींचं डोकं लगेच कामाला लागलं. चोर कोण याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना साक्षीदार पाहिजे होता. बाईंनी तेल्हाऱ्याला यावं आणि पंचफुलासमोर सांगावं की तिकिटं तिच्यासाठीच केली होती, एकेकच होतं, जोड नव्हती. बाईंसारख्या मास्तरीणबाईंचा शब्द ती मानेल. उंबरा चढलं की बोलणं आलंच, म्हणून शपथेमुळे आपण स्वतः गल्लीत थांबू.

नाही म्हणायची सोय नव्हती. रविवारी दोघं निघाले. अकोल्याला गाडी बदलून तेल्हाऱ्याची धरली. बाहेर कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. खुशालराव खिडकीशी बसून, तिथे गेल्यावर बाईंनी काय काय आणि कुठल्या क्रमानं सांगायचं ते सांगत होते. गोदावरीनं तीनदा तोंड उघडलं. खुशालराव, जोड होती, एवढे तीन शब्द बोलायचे होते. तीनदा तोंड मिटलं. अकरा वर्षं या माणसानं आपल्यासमोर काळीज उघडं केलं आणि आपण त्याची नक्कल ठेवून घेतली, हे बसमध्ये, कंडक्टर तिकिटं फाडत असताना, सांगायचं कसं?

पंचफुलाचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. खुशालराव समोरच्या लिंबाखाली थांबले. दारात आलेली बाई सत्तरीकडे झुकलेली, उंच, भावासारख्याच हनुवटीची. तिनं गोदावरीला आत घेतलं, बसायला चटई टाकली, पाणी दिलं. गोदावरीनं नाव सांगितलं, कार्डं मी करते म्हणून सांगितलं. मग त्या म्हाताऱ्या डोळ्यांसमोर तिला खुशालरावांनी पढवलेलं एक अक्षर बोलवेना. तिनं सगळं खरं सांगितलं. जोड होती. मी प्रत्येकाची एक ठेवून घेत होते, माझ्या हौसेसाठी, आणि तीच एकीनं नेऊन छापली. तुमच्या भावाला यातलं काही माहीत नाही. त्यांचा काही दोष नाही, दोष माझा आहे.

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. आता ही बाई चिडेल, चार शब्द बोलेल, आणि मग भावाला माफ करेल, असा तिचा हिशेब होता.

पंचफुलानं विचारलं, “पाकिटावरचं अक्षर तुमचं हाये?”

गोदावरी हो म्हणाली.

“मले वाटे वहिनीचं असंन. अन् ते चपलेचं, ते शेळीचं, हे सारं तुमाले कोनं सांगतलं?”

“त्यांनीच. दरवर्षी येऊन सांगायचे.”

“तोंडानं?”

“हो.”

“किती वेळ बोले?”

गोदावरीला तेव्हाही कळलं नाही. ती भाबडेपणानं म्हणाली की तास-दीड तास, कधी कधी डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या.

“म्हंजे बोलता येते त्याले,” पंचफुला म्हणाली. “मले वाटे, माह्या नावानं त्याची वाचाच गेली. शपथ हाये, बापाची हाये, जाऊ द्या, मुका हाये माहा भाऊ, अशी समजूत घातली मी मनाची पंचेचाळीस वर्सं. चित्रं त्याच्याच हातची समजत होती मी. अन् हा तं अकरा वर्सं माही गोष्ट दुसऱ्या बाईपाशी बसून सांगे. मले एक शब्द नाई. ते स्टिकर गेले चुलीत, बाई. ते पोट्ट्याइचं खेळनं हाये. तुमची जोड तुमाले लखलाभ.”

गोदावरीच्या हातातला पेला तसाच राहिला. आपण काय तोडून बसलो ते तिला आत्ता दिसलं. छापखान्यानं तोडलं नव्हतं एवढं तिच्या प्रामाणिकपणानं तोडलं होतं.

पंचफुला उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. लिंबाखाली भाऊ उभा होता, मध्ये दहा पावलांची गल्ली. पंचेचाळीस वर्षांनी दोघं एकमेकांना बघत होते. “आला हाये नं अठीपर्यंत,” ती भावाला ऐकू जाईल अशा आवाजात गोदावरीला म्हणाली. “म्हना त्याले, बोल. मी आयकून राहिली. शिवी दे, पन माह्याशी बोल.”

गोदावरी तिच्या मागून बाहेर आली आणि गल्लीच्या मधोमध थांबली. खुशालरावांचे ओठ हलले. एक पाऊल त्यांनी पुढेही टाकलं. गोदावरीनं मनातल्या मनात कुठला कुठला देव आठवला. मग त्यांनी बहिणीवरची नजर काढली, गोदावरीकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, “बाई, तिले सांगा...”

दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं, आणि आतून कडी सरकल्याचं ऐकू आलं.

खुशालराव बोलतच होते. तिले सांगा की असं आहे, तिले सांगा की तसं आहे. गोदावरीनं त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. पदर खोचून ती एकटीच बसस्टँडच्या दिशेनं चालू लागली.